आत्यांची यंत्रातली डुबकी

माझ्या सासूबाईंचं नाव बायडाबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते. कोल्हारात त्यांना नावानं ओळखणारी माणसं थोडी. ‘त्या हसणाऱ्या बाई’ म्हटलं की कुणीही आमच्या घराकडं बोट दाखवतं.

त्यांचं हसू विनोदावरचं नाही. विनोद सांगितला तर त्या शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “मग पुढं काय झालं?” त्यांना हसू येतं ते जिथं यायला नको तिथं. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणताना भटजींचा आवाज ‘सावधान’वर चिरकला आणि अंतरपाटाच्या पलीकडं नवरी गदगदा हलायला लागली. अलीकडं उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांना, भाऊसाहेबांना, वाटलं की मुलगी रडतेय. त्यांनी शेजारी उभ्या चुलत्याच्या कानात विचारलं, “हिला जबरदस्तीनं उभी केली का काय?” अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीच्या तोंडात पदराचा बोळा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पुढचे चार दिवस तिच्याशी फार हळू आवाजात बोलायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना खरी गोष्ट कळली.

ग्रामसभेत एकदा कुणाच्या तरी श्रद्धांजलीची दोन मिनिटं चालू असताना ग्रामसेवकांच्या पोटातून आवाज आला. सगळ्यांनी ऐकला, सगळ्यांनी माना खाली घातल्या. आत्या उठून बाहेर गेल्या. त्यांनी भिंतीआड जाऊन जे केलं ते आत सगळ्यांना ऐकू आलं. त्यांचं हसणं आमच्या विहिरीवरच्या मोटारीसारखं आहे. बटण दाबल्यावर पाइपात आधी नुसती हवा फुसफुसते, सगळं कसं थरथरतं, आणि मग भसकन पाणी येतं.

मी मोनिका, त्यांची एकुलती एक सून. नवरा चाकणला कंपनीत असतो, पंधरवड्याला येतो. मी डी. फार्म. केलेलं आहे आणि गावातल्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर असते. हे सांगायचं कारण एवढंच की घरात आलेला कुठलाही दवाखान्याचा कागद माझ्या हातात येतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये असाच एक कागद आला.

एका लग्नात जेवून आल्यावर आत्यांच्या पोटात उजवीकडं दुखायला लागलं. दोन दिवस ओवा, सोडा, गरम पाणी झालं. मग सोनोग्राफी केली. खडे निघतील असं सगळ्यांना वाटत होतं. खडे नव्हते. पण लिव्हरवर दोन डाग होते, उजव्या बाजूला चार सेंटिमीटरचा एक आणि डावीकडं दीड सेंटिमीटरचा दुसरा. खाली लिहिलं होतं की हे नेमकं काय आहे ते सोनोग्राफीवरून सांगता येत नाही, रंग देऊन एमआरआय करून घ्यावा. डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका. बहुतेक वेळा असं काहीतरी साधंच निघतं.” मी विचारलं, “बहुतेक म्हणजे?” ते म्हणाले, “बहुतेक म्हणजे नक्की नाही. म्हणून तर एमआरआय.”

पोटदुखी ॲसिडिटीची होती. चार गोळ्यांत ती गेली. पण डाग काही गोळ्यांनी जाणारे नव्हते. रक्ताची तपासणी झाली, किडनीला रंग झेपेल असा रिपोर्ट आला, आणि नगरच्या एका सेंटरवर अकरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, फॉर्मवर मी तेच लिहिलं. बोलताना मात्र आम्ही अजून नगरच म्हणतो.

ते अकरा दिवस मी कधी विसरणार नाही. आत्या हसत होत्या, पण वेळेवर. शेजारणीनं गमतीचं काही सांगितलं की हसायच्या. टीव्हीवर बाकीचे हसले की त्याही हसायच्या. बरोबर जागेवर, बरोबर तेवढंच. शेजाऱ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे. मला रात्रंदिवस धास्ती लागून राहिली. ज्या बाईला आयुष्यभर चुकीच्या जागी हसू आलं, तिला अचानक जागा कळायला लागली होती.

मामांची तऱ्हा वेगळी. ते गंभीर माणूस. सोसायटीच्या निवडणुकीत एका मतानं निवडून आले तेव्हाही त्यांनी फक्त टोपी नीट केली होती. पण या अकरा दिवसांत ते पहाटे उठून चहा करायला लागले. छत्तीस वर्षांत त्यांनी गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी आत्यांच्या पुढं कप ठेवला. आत्यांनी कपाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. ते गोठ्याकडं गेल्यावर मला म्हणाल्या, “मोनिका, तू खरं सांगत न्हाईस मला. ह्यांनी चहा केलाय. म्हंजी मी चाललीय.”

“आत्या, अजून काहीच कळलेलं नाही. देवाशप्पथ.”

“मग साखर का दोनदा टाकली त्यांनी?”

त्यावर मी हसले. त्याही हसल्या. पण माझं झाल्यावर, हिशेबानं.

ठरल्या दिवशी मीच गाडी चालवली. जुनी वॅगनार आहे आमची. मला हात बसून जेमतेम वर्ष झालं होतं. नगर-मनमाड रस्त्यानं कोल्हारहून नगरला जायचं म्हणजे खड्डे चुकवत जायचं. राहुरी गेली, विळद घाट गेला. आत्यांना काही खायचं नव्हतं, म्हणून आम्हीही उपाशीच निघालो होतो.

सेंटरवर यशोधरा नावाची तंत्रज्ञ होती. शेवगावकडची, तिशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेले, आवाज अगदी संथ. तिनं सांगितलं की आत मोठं लोहचुंबक आहे, अंगावर धातूचं काहीही चालणार नाही. मंगळसूत्र, कानातलं, चमकी निघाली. मग पिना. आमच्या आत्यांच्या अंगावर पिनांचं दुकानच असतं. बांगडीत पिना, मंगळसूत्राच्या वाटीमागं पिना, पोलक्यात पिना. यशोधरानं ट्रे पुढं धरला आणि त्या काढत राहिल्या. पंधरा, सोळा, सतरा. शेवटची निऱ्यांतून निघाली.

जोडवी निघेनात. लग्नापासून ती बोटांतून हललेली नव्हती. यशोधरानं साबणाचं पाणी आणून दिलं. मी वाकणार तेवढ्यात मामा खाली बसले. वेटिंग हॉलमध्ये वीसेक माणसं होती. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आत्यांचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक बोट साबणानं चोळायला लागले. आत्यांना पायाला गुदगुल्या होतात. टाचेला नुसतं कुणाचं बोट लागलं तरी त्या घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी त्या भिंतीकडं बघत बसून राहिल्या. हूं नाही की चूं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

यशोधरानं मला आतल्या काचेच्या खोलीत, तिच्या शेजारी बसू दिलं. आत्यांना हिरवा झगा घातला होता. पोटावर कासवाच्या पाठीसारखं काहीतरी बांधलं, दंडात सुई लावून ठेवली, कानांवर हेडफोन आणि हातात रबरी फुगा दिला. काही त्रास झाला तर दाबायचा. आत्या त्या नळीत सरकल्या आणि मला फक्त त्यांचे पाय दिसायला लागले. जोडवी नसलेले पाय. कुणा दुसऱ्याच बाईचे वाटत होते.

“लिव्हरच्या एमआरआयला श्वास फार महत्त्वाचा,” यशोधरा मला म्हणाली. “आपण श्वास घेतला की लिव्हर वरखाली होतं. पंधरा-वीस सेकंद श्वास रोखला तरच फोटो स्वच्छ येतो. सूचना यंत्रच देतं, आवाज भरलेला आहे.”

तिनं बटण दाबलं. हेडफोनमधून जो आवाज आत्यांना गेला तो आम्हालाही ऐकू आला. कुणा बाईचा, फार गोड, हिंदी. “सांस अंदर लो. बाहर छोडो. रोको.”

यंत्र ठकठकायला लागलं. दोन सेकंद गेले. आणि मला ते पाय दिसले. आधी अंगठे आखडले. मग दोन्ही पाय थरथरायला लागले. मी ती थरथर ओळखते. पाइपात हवा आली होती.

“काय होतंय यांना?” यशोधरानं माइक चालू केला. “मावशी, त्रास होतोय का?”

उत्तरादाखल भसकन पाणी आलं. त्या बंद नळीतून, स्पीकरमधून, सगळ्या खोलीत. बराच वेळ शब्दच नव्हते. मग कसाबसा आवाज आला, “रोको म्हणती ती बाई. मला वाटलं, रास्ता रोको.”

आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी वर्षातून दोन-तीनदा रास्ता रोको होतो. आत्या एकदा त्यात अडकल्या होत्या, दुसऱ्याच्या बारशाला जाताना, आणि आंदोलकांनी त्यांनाही घोषणा द्यायला लावल्या होत्या. ते सगळं त्यांना त्या नळीत आठवलं.

यशोधरानं पडद्यावर फोटो दाखवला. लिव्हरच्या एकावर एक चार कडा दिसत होत्या, पळत्या शेळीचा फोटो काढावा तशा. डाग कुठला आणि कड कुठली काही कळत नव्हतं. तिचा चेहरा काळजीत पडला. मी मात्र खुर्चीत बसून डोळे पुसत होते. अकरा दिवसांनी आत्या चुकीच्या जागी हसल्या होत्या.

“तुम्ही का रडताय?” यशोधरानं विचारलं.

“काही नाही. त्या बऱ्या आहेत,” मी म्हणाले. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. रिपोर्ट तर अजून यायचाच होता.

यशोधरानं भरलेला आवाज बंद केला. म्हणाली, “मी स्वतः सांगते, मराठीत.” तिनं माइकवर संथपणे सांगितलं, “श्वास घ्या, मावशी. सोडा. आता थांबा.”

पाय पुन्हा थरथरले.

“आता काय झालं, मावशी?”

“थांबा म्हनली तू. एसटीचा थांबा. मला वाटलं, आता पाटी लावती का काय पोटावर.”

हे ऐकून यशोधराच्या संथ आवाजालाही तडा गेला. तिनं माइक घाईनं बंद केला आणि टेबलावर कपाळ टेकलं. तिचे खांदे हलत होते. पण ती लगेच सावरली, कारण बाहेर रांग होती आणि पुढं अवघड भाग होता. तिनं मला समजावून सांगितलं. साधे फोटो पुन्हा काढता येतात. पण शिरेतून रंग सोडला की तो लिव्हरमध्ये कसा शिरतो ते ठरावीक क्षणांनाच टिपावं लागतं. पहिला क्षण वीस-पंचवीस सेकंदांनी येतो आणि निघून जातो. गाठ रंग कधी घेते, कुठून घेते, किती वेळ धरून ठेवते, यावरूनच ती साधी की वाईट ते ओळखायचं. “त्या क्षणी यांना हसू आलं तर सगळी मेहनत वाया. आज मग दुसऱ्यांदा रंगही देता येणार नाही.”

तिनं माइक पुन्हा चालू केला. “मावशी, एक विचारू? तुम्हाला असं कधी होतं का, की हसू येतच नाही?”

आत्या मनापासून विचार करत असाव्यात. “पान्याखाली,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“माझं माहेर नेवाश्याजवळ, परवरेच्या काठी. बापानं भोपळा बांधून पवायला शिकवलं. मी बुडी मारून तळाची वाळू मुठीत आनायची. खाली कवा हसू न्हाई आलं. हसलं की नाकात पानी जातं. एकदा गेल्तं. पुन्हा न्हाई.”

यशोधरानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. मग ती माइकवर वाकून म्हणाली, “मावशी, श्वास घ्या. सोडा. आता डुबकी.”

पाय हलले नाहीत. अंगठे सरळ, पोटऱ्या सैल, अगदी पाण्यात तरंगत असल्यासारखे. यंत्र ठकठक ठकठक करत राहिलं. पंधरा सेकंद. अठरा. आवाज थांबला. “झालं मावशी, श्वास घ्या,” यशोधरा म्हणाली. आत्यांकडून काही नाही. “मावशी, घ्या श्वास.” काही नाही. तीस सेकंद झाले, चाळीस झाले. यशोधरा खुर्चीतून उठली, दाराकडं धावणार, तेवढ्यात स्पीकरमधून मोठा फुस्स असा आवाज आला.

“अजून जमतंय गं,” आत्या म्हणाल्या. “वाळू तेवढी न्हाई इथं.”

पडद्यावर लिव्हर आलं. एकच कड, चाकूनं कापल्यासारखी स्वच्छ. आणि त्यात तो मोठा डाग, पांढराशुभ्र.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. डुबकी, वर या. डुबकी, वर या. मध्ये एकदा रबरी फुगा दाबला गेला. यशोधरानं घाबरून विचारलं तर आत्या म्हणाल्या, “वाजतो का बघितलं. मला वाटलं गोळेवाल्यासारखा भोंगा आसंल.” मग रंग सोडायची वेळ आली. हात गार पडेल, घाबरायचं नाही, असं यशोधरानं सांगितलं. ती घड्याळाकडं बघत होती. “श्वास घ्या. सोडा. डुबकी.”

मला नंतर कळलं की मीही श्वास रोखला होता. यशोधरानंही. पहिली डुबकी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग पाच मिनिटं थांबून आणखी एक. चारही फोटो स्वच्छ आले. यशोधरा खुर्चीत मागं टेकली आणि म्हणाली, “सात वर्षांत असे फोटो दोन-तीनदाच मिळालेत मला.”

लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. पण आत्या कपडे घालून बाहेर आल्या आणि बाकड्यावर बसून म्हणाल्या, “मी जात न्हाई. माझं लिव्हर हाय, मला बघू द्या.” तिथले फोटो वाचणारे डॉक्टर चेतन तरुण होते. ते स्वतः बाहेर आले, आत्यांकडं बघून म्हणाले, “तुम्हीच का डुबकीवाल्या? या आत.” मामा, आत्या आणि मी, तिघं त्यांच्या खोलीत शिरलो. मामांच्या मुठीत जोडवी होती.

डॉक्टरांनी आधी मोठा डाग दाखवला. “हा फोटो पाण्याचा. ज्यात पातळ काही भरलंय ते यात पांढरं दिसतं. ही गाठ बघा, दिव्यासारखी पांढरी. वाईट गाठी सहसा एवढ्या पांढऱ्या नसतात. पण एवढ्यावर मी बोलणार नाही. आता रंग दिल्यावर काय झालं ते बघा.”

चार फोटो त्यांनी शेजारी शेजारी लावले. पहिल्यात गाठीच्या कडेला फक्त दोन-तीन ठिपके उजळले होते, मधला भाग काळा. दुसऱ्यात ठिपके आत सरकले होते. तिसऱ्यात आणखी आत. पाच मिनिटांनंतरच्या फोटोत सगळी गाठ भरून पांढरी झाली होती.

आत्या पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली. “हे तर वाफा भरतोय,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

“दारं धरतो न्हाई का आमी, वाफ्याला पानी देताना. कडंनं शिरतं. हळूहळू मधी जातं. मग भरून ऱ्हातं.”

डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडं बघितलं. “मी इतकी वर्षं हे लोकांना समजावतोय, एवढं सोपं मलाही सांगता आलं नव्हतं,” ते म्हणाले. “बरोबर. हा रक्तवाहिन्यांचा साधा गुंता आहे. रक्त त्यात सावकाश शिरतं आणि साठून राहतं. वाईट गाठीची गोष्ट बहुधा उलटी असते. ती रंग झटकन घेते आणि झटकन सोडून देते, किंवा नुसती कड उजळते. हा गुंता तुमच्यात कदाचित पंचवीस वर्षांपासून असेल. त्याला काही करायचं नाही.”

“आणि दुसरा?” मामांनी विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

दुसरा डाग डॉक्टरांनी दोन फोटोंत दाखवला. एकात तो नीट दिसतही नव्हता, दुसऱ्यात तेवढीच जागा काळी पडली होती. ती चरबी होती. चरबी आणि पाणी एकाच जागी असलं की या खास फोटोत ते एकमेकांना पुसून टाकतात आणि जागा काळी दिसते. “इथं रंगानंही वेगळं काही केलं नाही. लिव्हरच्या एका कोपऱ्यात थोडी चरबी साठलीय, एवढंच. तूप-तेल कमी करा, चाला. सहा महिन्यांनी एकदा साधी सोनोग्राफी.”

“म्हंजी एक वाफा आन् एक चरबी,” आत्या म्हणाल्या.

“हो.”

“कॅन्सर न्हाई.”

“नाही.”

मामा खुर्चीवर बसले. टोपी काढली आणि तोंडावर धरली. आत्यांनी ते पाहिलं आणि मोटार सुरू झाली. बाहेर रांगेतले लोक आत डोकावले. डॉक्टर आधी अवघडले, मग तेही हसायला लागले, मग त्यांची नर्स. कशावर हसतोय ते कुणालाच माहीत नव्हतं. मी भिंतीला धरून उभी होते. मामांच्या टोपीमागून बारीक आवाज येत होता. तो हसण्याचा की रडण्याचा, मी आजवर विचारलेलं नाही.

येताना दीड तासाच्या रस्त्याला आम्हाला साडेतीन तास लागले. आधी भूक लागली म्हणून राहुरीत भेळ खाल्ली, प्रत्येकी दोन प्लेट. फरसाणाचं तेल कमी करायचं उद्यापासून ठरलं. मग आत्यांना सगळ्यांना फोन करायचे होते. दर फोनला मला गाडी कडेला घ्यावी लागे, कारण त्या हसायला लागल्या की मलाही स्टिअरिंग धरवत नसे. नेवाश्याच्या त्यांच्या बहिणीला फोन लावला. इकडून नुसतं हॅं हॅं हॅं. बहिणीला वाटलं, बाई रडतेय, सगळं संपलं. तिनं तिकडं गळा काढला. तिची सून फोनवर आली, “मावशी, धीर धरा,” म्हणाली, तर आत्या आणखीच फुटल्या. शेवटी मामांनी फोन हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका दमात चार वाक्यं बोलले: “कुणी गेलेलं नाही. काही झालेलं नाही. ती हसतेय. तुम्ही जेवून घ्या.”

घराजवळ मामांनी जोडवी पुढं केली. आत्या म्हणाल्या, “राहू द्या सांजच्यापर्यंत. पाय लई हलके झालेत.” त्या गाडीतून उतरल्या आणि अंगणभर उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

पुढं गावात गोष्ट पसरली. कुणाच्या सोनोग्राफीत काही निघालं की माणसं आधी आमच्याकडं यायला लागली. मी कागद वाचायची आणि डॉक्टरांनाच विचारा म्हणायची. आत्या मात्र त्यांना ओट्यावर बसवून श्वास रोखायला शिकवायच्या. दुपारच्या वेळी आमच्या ओट्यावर पाच-सहा बाया गाल फुगवून बसलेल्या असायच्या आणि आत्या समोर घड्याळ धरून उभ्या. त्यातल्या निम्म्यांना कसलीच तपासणी करायची नव्हती. त्या नुसत्या यायच्या.

या सगळ्यात सहादेव दादांचं दुखणं मात्र खरं निघालं. ते आमचे शेजारी, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, घरी एकटेच. पूर्वी कावीळ झाली होती. त्यांच्या सोनोग्राफीतही डाग होता, पण एकच, आत्यांच्या मोठ्या डागापेक्षा लहान, आणि कागदावरचं वाक्य जवळजवळ तेच. मी आणि आत्या त्यांना घेऊन त्याच सेंटरवर गेलो. ओट्यावर शिकवल्याप्रमाणं त्यांनी श्वास उत्तम रोखला. डॉक्टर चेतननी चार फोटो लावले. यावेळी गाठ पहिल्याच फोटोत उजळली होती आणि तिसऱ्यात तिच्यातला रंग गेला होता. भोवती एक बारीक कड उरली होती. आत्यांना सांगावं लागलं नाही. वाफा नव्हता हा. डॉक्टर त्यांना हळूच म्हणाले, लहान आहे, काढता येईल. त्या दादांच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात धरला.

दादा म्हणाले, “बायडाबाई, तुमी गप बसला म्हंजी काम अवघड हाय.”

“अवघड हाय,” आत्या म्हणाल्या. “पन ल्हान हाय. डॉक्टर म्हनले, काढता येतीया.”

गाठ वेळेवर ओळखली म्हणून काढता आली. पुण्याला ऑपरेशन झालं, लिव्हरचा तेवढा तुकडा काढला, आणि दिवाळीच्या आधी दादा घरी आले. पोटावर वीतभर टाके होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही, खोकला आला तर पोटाला उशी धरायची. हसण्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी आत्या ताट घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. काही बोलल्यासुद्धा नाहीत. दादांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं मात्र, आणि पोटाला उशी धरून कळवळले. “बाई, जावा हितून. तुमचं तोंड बघितलं तरी टाके वढत्यात.”

आत्या घरी आल्या. बराच वेळ विचार केला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दादांचं जेवण खिडकीतून द्यायला सुरुवात केली. डोक्यावरून पदर ओढायचा, खिडकीकडं पाठ करायची, आणि हात मागं करून ताट आत सरकवायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. दादांनीही भिंतीकडं तोंड करून ते घ्यायचं. महिनाभर ती दोघं अशी एकमेकांकडं पाठ करून उभी राहायची, आणि मी आमच्या ओट्यावरून बघायची. कधी कधी आत्यांचे खांदे थरथरायला लागायचे. मग त्या ताट खिडकीच्या कठड्यावर तसंच ठेवायच्या आणि पदर सावरत, जमेल तेवढ्या वेगानं घरामागच्या पेरूच्या बागेकडं पळत सुटायच्या, जिथून दादांना काही ऐकू जाणार नाही.